वाळवंटातल्या सुभेदाराची घागर

ती. दाजींच्या सेवेशी,

बऱ्हाणपुराहून दिगंबरचा, उन्हाने निम्मा वाळलेला आणि उरलेला घामाने भिजलेला, साष्टांग नमस्कार. तुमची साखर आटोक्यात असावी. अक्काचा गुडघा आता जिना चढू देतो का? (उतरू देत नसेल तर तिला वरच राहू द्या, खालच्या मजल्यावर तुम्हाला तेवढीच शांतता.) इकडे तापी इतकी आटली आहे की जैनाबादच्या म्हशी पलीकडून चालत येतात आणि त्यांचे गुडघे भिजत नाहीत. सकाळी नऊला रस्ते ओस पडतात. दुपारी कुत्रीसुद्धा गल्ली ओलांडण्याआधी विचार करतात. बाकी तुमच्या आशीर्वादाने सर्व क्षेम आहे. हे वाक्य पद्धत म्हणून लिहिलं आहे. खरी हकीगत पुढे येते.

अश्विनीच्या स्थळाचं काय झालं हे तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी 'लिहितो' म्हणालो. फोनवर तुम्ही मुद्दा येण्याआधीच 'बरं बरं' म्हणता आणि माझा मुद्दा जरा उशिरा येतो. शिवाय ह्या सगळ्या प्रकरणाची मूळ जबाबदारी तुमच्याकडे येते, ती फोनवर टाकणं बरं दिसलं नसतं. तुम्ही नवे जावई होतात तेव्हा आखाजीला अक्काला न्यायला आलात आणि मला टाकीत, म्हणजे टॉकीजमध्ये, इंग्रजी सिनेमा दाखवायला नेलंत, आठवतं का? तोच तो, वाळवंटातल्या लढाईचा, अर्धा दिवस चालणारा. फौज वाळूतून किल्ल्याकडे निघते, वाटेतली विहीर कोरडी निघते, तरणा कप्तान नकाशा धरून बसतो आणि दाढीवाला म्हातारा सुभेदार सगळ्यांना धीर देत देत चालतो. तुम्ही मध्यंतराच्या आधीच घोरायला लागलात. मी मात्र बाहेर आलो तो भूगोलाचा मास्तर होऊनच, नोकरी तेवढी नंतर लागली. तुम्ही त्या दिवशी मला साधा मारामारीचा हिंदी पिक्चर दाखवला असता तर आज ही वेळ आली नसती.

तर स्थळ जसोंडीचं. मुलगा रितेश, शेतकी शिकलेला, केळीच्या रोपांची नर्सरी चालवतो. वडील दगा पाटील, केळीवाले. घरात शब्द चालतो आजीचा, म्हणजे धुरपदाबाईंचा. मुलगी पाहून झाली होती, पत्रिका जमत होती, आता त्यांनी आमच्याकडे यायचं, जेवायचं आणि सुपारी फोडायची एवढंच बाकी होतं. पण बाप म्हणून माझं काही कर्तव्य आहे की नाही? हल्लीच्या मुलांना पोहे खाताना बघून काय कळतं? पोहे सगळेच नीट खातात. माझं म्हणणं असं, की जो तरुण हा सिनेमा शेवटपर्यंत, मोबाइलला हात न लावता, चुळबूळ न करता बघेल त्याच्या अंगी सबुरी आहे असं समजावं, आणि आमच्या अश्विनीबरोबर संसार करायला (ती बाहेर निघायला किती वेळ लावते ते तुम्ही तुमच्या दीपालीच्या लग्नात पाहिलं आहेच) सबुरीशिवाय दुसरा गुण लागत नाही. सुलभाला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'तुम्हाला पाहुण्यांना जेवण घालायचंय की पेपर द्यायचाय?' मी दुसरा पर्याय निवडला.

शाळेतून प्रोजेक्टर मागून आणला. पुढच्या खोलीची भिंत पांढरी आहेच. उजेड आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांवर चादरी आणि गोधड्या ठोकल्या. त्यामुळे उजेड आला नाही आणि हवासुद्धा आली नाही. कूलर होता, पण त्याची टाकी भरायची मी विसरलो, कारण माझं लक्ष आवाजाच्या पेटीकडे होतं. पाहुणे आले. दगा पाटलांनी केळीचा अख्खा घड आणला होता, तो ठेवायला जागा नव्हती म्हणून प्रोजेक्टरशेजारच्या खुर्चीवर बसवला. जेवणं झाली. मांडे, आमरस, वर आणखी गोड म्हणून दराबा. सुलभाने सुपारीचं ताट तयार करून देवापुढे ठेवलं, आणि मी जाहीर केलं की सुपारी सिनेमानंतर. दगा पाटलांच्या खांद्यावर हात टाकून मी हळूच हेही सांगितलं की जो शेवटपर्यंत बसेल तो खरा. (हळूच म्हणजे वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतकंच. चाळीस वर्षांची सवय.)

दाजी, तुम्हाला आठवत असेल, हा सिनेमा सुरू होताना आधी नुसता अंधार असतो आणि वाद्यं वाजतात. चांगली पाच मिनिटं वाजतात. त्या काळची ती ऐट होती. पण दगा पाटलांनी अर्ध्या मिनिटात ठरवलं की फेज गेली. ते उठून बोर्डाकडे गेले, त्यांनी एक बटण दाबलं, त्याने प्रोजेक्टर बंद झाला आणि गल्लीतला दिवा लागला. (हे कसं होऊ शकतं ते आमचा वायरमनही सांगू शकला नाही.) पुन्हा पहिल्यापासून लावला, पुन्हा अंधार, पुन्हा वाद्यं. या वेळी रितेश फार नम्रपणे म्हणाला, 'अंकल, पिक्चर लोड हो रहा है शायद.' मी दोन गुण कापले.

पुढे वाळवंट आलं. त्या वेळी मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मी चित्र थांबवलं आणि छडीने भिंतीवर दाखवून वाळूच्या टेकड्या कशा तयार होतात, वाऱ्याकडची बाजू उतरती का असते आणि आडोशाची बाजू उभी का असते, हे समजावून दिलं. तेवढ्यात सगळ्यांचं पाणी पिऊन झालं. दगा पाटील भिंतीकडे एकटक बघत होते. मला वाटलं, माणूस रंगला. पण ते शेवटी म्हणाले, एवढी जमीन पडीत ठेवली आणि एकानेही बोअर घेतलं नाही, हा काय शहाणपणा! पुढे खजुराची झाडं दिसली तेव्हा ते जरा सुखावले. घड चांगला भरलाय पण खालून टेकू नाही, वाऱ्यात मान मोडेल, म्हणाले. आणि वारा खरंच आला. वाळूचं वादळ उठलं, तंबू उडाले, उंट बसले. दगा पाटील ताडकन उठले, खिशातून फोन काढला आणि अंधारात त्यांच्या सालदाराला, कडूला, ओरडून विचारू लागले, 'कडू, हवा कशी हाये रे? बाग उभी हाये ना?' कडूने पान हलत नाही म्हणून सांगितलं तेव्हा कुठे ते खाली बसले. पण पुढचा बराच वेळ त्यांचा जीव सिनेमात नव्हता, बागेत होता.

सिनेमा खऱ्या अर्थाने बघितला तो धुरपदाबाईंनी. इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण कप्तान नुसता भुवई उचलायचा की त्या म्हणायच्या, हा खोटं बोलते. आणि तो खोटंच बोलत असायचा. भाषांतराचं काम माझ्याकडे होतं. म्हातारीचे प्रश्न मात्र संवादात नसलेलेच. त्या दाढीवाल्याले लेकरं किती? एवढ्या म्हाताऱ्या मानसाले लढाईवर कोन पाठवते? याची बायको वाट पाहत असंल का मेली असंल? आता सिनेमात त्याचं काहीच सांगितलेलं नाही. पण उत्तर येत नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही हे तुम्ही जाणताच. मी सुभेदाराला दोन मुलगे, एक मुलगी दिली. मुलीचं लग्न ठरलंय म्हणालो. थोडी शेती दिली. म्हातारी त्याच्यात गुंतत गेली आणि मी देत गेलो. तिथे चुकलं.

आता रितेश. हा मुलगा बराच वेळ सरळ बसून होता, मोबाइल उलटा ठेवून. मी मनातल्या मनात गुण वाढवत होतो. पण सिनेमातला सर्वांत मोठा क्षण आला, कप्तान एकटा टेकडीवर चढतो आणि पलीकडे किल्ला दिसतो, वाद्यं आकाशाला भिडतात, आणि नेमका त्याच वेळी हा पठ्ठ्या उठला. प्रोजेक्टरसमोरून आडवा गेला. किल्ल्यावर त्याची सावली पडली, किल्ल्यापेक्षा मोठी. हातात बादली! आमच्या कूलरमध्ये त्याने पाणी ओतलं, पुन्हा आडवा गेला, दुसरी बादली आणली, पुन्हा किल्ला गेला. कूलर घरघरायला लागला आणि वाद्यं ऐकू येईनात. मी त्याला तिथल्या तिथे नापास केला. सुलभा मात्र भिंतीकडे बघतच नव्हती. ती सुरुवातीपासून त्याच्याकडेच बघत होती, आणि तिने त्याच क्षणी (हे मला मागाहून कळलं) जावई पसंत केला होता. म्हणे, कुणी सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही, सगळे घामाने निथळताहेत हे बघितलं आणि उठला. अश्विनीनेही ते बघितलं होतं. म्हणजे पेपर मी काढला आणि तपासला दुसऱ्यांनीच.

मग सुभेदार मेला. विहीर डोळ्यांपुढे दिसत असताना, तिथवर न पोचता, तहानेने. धुरपदाबाई आधी 'अरे पानी द्या ना कोनी त्याले!' म्हणून ओरडल्या, मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला, 'गेला रे बापा' म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. सुलभा बिचारी, सिनेमा संपला असं समजून, ताट घेऊन पुढे आली. म्हातारीने ताटावर आडवा हात धरला. ज्या घरात आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत, लेकीचं लग्न ठरलेला बाप पाण्याबिगर मेला, त्या घरात सुपारी फुटत नसते. झालं. त्यांनी बाहेर जाऊन नळावर चूळ भरली, पाय धुतले आणि गाडीत जाऊन बसल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, घरोघर पितरांच्या घागरी भरायची तयारी चाललेली. अशा दिवसांत तहानलेला मेलेला माणूस म्हणजे त्यांच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती.

मी शिकलेला माणूस. हा गैरसमज प्रयोगाने दूर करावा असं मला वाटलं. मी धावत जाऊन म्हातारीला हात जोडून परत आणलं, सिनेमा मागे नेला आणि तोच सुभेदार भिंतीवर दाखवला, जिवंत, घोड्यावर बसून हसताना. म्हणालो, बघा, आहे ना धडधाकट? म्हातारीने दोन्ही हात कानांवर ठेवले. मेलेला मानूस परत दिसाले लागला, म्हणजे आता तर जीव अडकला त्याचा, म्हणाली. या वेळी त्या गाडीत बसल्या त्या गाडी हलेपर्यंत उतरल्या नाहीत. दगा पाटील माझ्याकडे बघून नुसते मान हलवत राहिले. त्यांचा आवाज फक्त कडूपुढे चालतो. सुपारी ताटात तशीच राहिली, घड खुर्चीवर राहिला, आणि आम्ही तिघं त्या भट्टीत एकमेकांकडे न बघता गोधड्या काढत बसलो.

पुढे जसोंडीहून फोन नाही. सुलभा माझ्याशी फक्त भाज्यांच्या नावांनी बोलत होती. शेवटी दगा पाटलांचा निरोप आला की आई म्हणते, ज्या घरात गेला त्या घरात त्याची घागर भरा, घरधन्याच्या हातानं, आखाजीला, मग बोलू. मी स्पष्ट नाही म्हणालो. दाजी, तुम्हीच सांगा, जो माणूस जन्मलाच नाही त्याचं श्राद्ध कसं घालायचं? आणि ज्या नटाने ते काम केलं तो त्या संध्याकाळी दाढी काढून ठेवून पोटभर जेवला असेल, त्याला मी पाणी का पाजायचं? चाळीस वर्षं मी मुलांना ग्रहणात जेवायला लावलं, आणि आता मी धोतर नेसून इंग्रजी सिनेमाला तर्पण करू? असं बरंच काही मी बोललो. बोलणं चांगलं झालं. ते संपल्यावर अश्विनी, जी एवढे दिवस एक अक्षर बोलली नव्हती, मला म्हणाली, 'बाबा, एक घागर भरायला काय जातं?' एवढंच. पण आवाज असा होता की माझं सगळं भाषण तिथेच बसलं. मुलीला तो मुलगा हवा होता. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

आखाजीला भरली घागर. कुंभारवाड्यातून नवी आणली (सुलभाने आधीच आणून ठेवली होती, मी नाही म्हणत असतानाच). खाली गव्हाची रास, वर लहान मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला आंबा. धुरपदाबाई स्वतः आल्या, रितेशला बरोबर घेऊन, आणि समोर पाटावर तपासनीस बसतात तशा बसल्या. मी धोतर नेसलो. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा पंचाईत, कारण सुभेदाराचं नाव असं होतं की त्यात स्वर सापडत नव्हता. शेवटी म्हणालो, दाढीवाले सुभेदार, राहणार इंग्लंड. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, तेही म्हणालो. पाणी सोडलं. आणि दाजी, खरं सांगतो, पाणी सोडताना त्या मेल्याची मला दया आली. त्याला मुलगी मीच दिली होती, आणि तिच्या लग्नाआधीच तो गेला.

मान वर करतो तो म्हातारी हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मग बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत ते इतकं झोंबणार नाही. 'मास्तर, पिच्चरमधला मानूस मरत नसते, एवढं मले बी समजते. तुमी चड्डीत व्हते तवापासून टाकीत पिच्चर पाह्यते मी. तुमी आमच्या पोराले पारखाले बसोलं, मोठ्यानं सांगून. मंग म्या बी पारखलं. सून चांगलीच हाये, तिचं काय पाह्यचं? पन पोरीसाठी तिचा बाप आपला हेका सोडते का नई, ते पाह्यचं व्हतं. सोडला. आना आता ते ताट.' सुलभाने ताट आणलं. सुपारी दगा पाटलांच्या ऐवजी म्हातारीनेच फोडली, अडकित्त्याने, एका घावात.

तर असं हे स्थळ मी सर्व बाजूंनी विचार करून पक्कं केलं आहे. मुलगा मला पहिल्यापासूनच आवडला होता, सबुरीचा आहे. लग्न ज्येष्ठात, जसोंडीलाच, केळीच्या बागेशेजारी मांडव. अक्काला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा साष्टांग, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
दिगंबर

ता. क. धुरपदाबाईंना उरलेला सिनेमा बघायचा आहे. कप्तानाचं पुढे काय होतं ते मी सांगायला गेलो तर म्हणाल्या, तुमी नका सांगू, तुमी वाढवून सांगता.

ता. क. दुसरा, सुलभाच्या हातचा. दाजींना आणि वन्संना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. यातलं सगळं खरं आहे, फक्त कारण खोटं आहे. परीक्षा हे नुसतं निमित्त होतं. त्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले होते की एवढा लांब सिनेमा दुसरा नाही, हा लावला तर सुपारीला संध्याकाळ होईल, संध्याकाळी मुहूर्त नाही, म्हणजे आजचं टळेल. मग उद्याचं उद्या. स्थळ मोडावं असं त्यांच्या मनात नव्हतं, पण ठरावं असंही नव्हतं. जसोंडी इथून स्कूटरवर किती जवळ आहे ते तुम्हाला माहीत आहे. तरी रोज नकाशा काढून बसतात. अश्विनीला यातलं काही बोलू नका.

ता. क. तिसरा. वरचा मजकूर माझ्या माघारी लिहिला गेला आहे. खोडणार होतो, पण हिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, पत्र बरं दिसतं. राहू द्या. आता लिहिलंच गेलंय तर ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तेही लिहून टाकतो. तुम्ही लग्नाला चार दिवस आधी याच. आणि त्याआधी मला एवढं कळवा, की दीपालीला सासरी वाटे लावून त्या संध्याकाळी तुम्ही मांडवातून घरी आलात आणि दार उघडलंत, तेव्हा आधी काय केलंत. दिवा लावलात, की तसेच बसलात? मी तेव्हा तुमच्याबरोबरच होतो, पण मी जेवणाची भांडी मोजत होतो, माझं लक्ष नव्हतं. पत्रानेच कळवा. फोनवर सांगितलंत तर मला ऐकताना ही बघत बसेल.